अप्पांचा खांदा आणि माझा

चाकूरच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवते, तिथं व्हॉलीबॉलला आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट करायला लावते. हात पाठीमागं न्यायचा आणि अंगठा पाठीवरून जमेल तितका वर सरकवायचा. आधी डावा, मग उजवा. पोरी हसतात. त्यांनी तिला ‘खाजवायची परीक्षा’ असं नाव ठेवलंय. हसू देत बापड्या. माझ्या वेळी ही परीक्षा कुणी वेळेवर घेतली असती, तर पुढचं बरंच टळलं असतं.

माझे वडील, अप्पा, लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. सोयाबीन, तूर, हरभरा, जे येईल त्याची पोती ट्रकमधून उतरवायची आणि थप्पीला लावायची. आमच्या घरात खांदा दुखणं ही सांगायची गोष्टच नव्हती. तो दुखायचाच. रात्री आई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्यांचा उजवा खांदा शेकायची आणि सकाळी ते पुन्हा कामावर जायचे.

मी कॉलेजच्या संघात होते. उंच होते, म्हणून जाळीवरचा प्रत्येक चेंडू माझ्याकडं यायचा. खेळाच्या सरांची पद्धत साधी होती. जी चांगली मारते तिनंच मारत राहायचं, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या वर्षी खांदा दुखायला लागला तेव्हा मी सरांना एकदाच सांगितलं. “नस चढली असंल, मलम लाव,” म्हणाले. मग मी मलम लावलं, पुढं गोळ्या घेतल्या आणि तोंड मिटलं. महिन्याभरात नांदेडला विद्यापीठ संघाची निवड होती. त्या संघात नाव आलं की खेळाडूंसाठी राखीव जागेवर पोलिसात जाता येतं, असं मी धरून चालले होते. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

पकडलं ते आईनं. कॉलेजात गेल्यापासून मी तिला केसांना हात लावू दिला नव्हता, आणि एका सकाळी कंगवा घेऊन मीच तिच्यापुढं बसले. तिला आधी बरं वाटलं. निम्मी वेणी झाल्यावर तिचा हात थांबला.

“हात वर जाईना का गं तुझा?”

 तिनं दारात बसलेल्या अप्पांना हाक मारली. “अवं, हिचा खांदा दुखायलाय. सांगंना झालीय.”

मला वाटलं, ते म्हणतील शेकून घे.  पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मोंढ्याला दांडी मारली आणि मला फिजिओथेरपीच्या मॅडमकडं नेलं.

अंगठ्याची परीक्षा मी तिथं पहिल्यांदा दिली. डावा अंगठा पाठीच्या मध्यापर्यंत सहज गेला. उजवा कमरेच्या थोडा वर जाऊन अडला. मॅडम म्हणाल्या, चेंडू एकट्या खांद्यानं मारायचा नसतो. पाठीमागचं खवाटं, म्हणजे खांद्याचं पातं, धरून ठेवणारे स्नायू कच्चे असले की सगळा भार खांद्यावर येतो आणि आतल्या नसा घासल्या जातात. तीन महिने एकही चेंडू मारायचा नाही. रबराचा पट्टा ओढायचा आणि खांद्याला विश्रांती द्यायची. म्हणजे यंदाची निवड गेली. मी तिथंच रडले.

“औंदा न्हाई तर फुडल्या साली,” अप्पा म्हणाले. “खांदा ऱ्हायला तर खेळशील.”

ते स्टुलावर बसून सगळं ऐकत होते, आणि ऐकता ऐकता स्वतःचा उजवा हात मागं न्यायला बघत होते. मॅडमनी ते पाहिलं. “काका, जरा हात वर करा बरं.” हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. मी त्यांच्या घरात वाढलेली, पण तो हात कुठं अडतो हे मला त्या दिवशी कळलं.

“काका, तुमचं तर हिच्यापेक्षा जास्त आहे. तुम्हीही ओझं बंद करा. तीन महिने तरी.”

अप्पा हसले. “हिचं बघा मॅडम. आमचं हातावरचं पोट हाय.”

तेव्हापासून एकच सल्ला मिळालेले दोन खांदे घरात होते. मला पाण्याची घागरसुद्धा कुणी उचलू दिली नाही. अप्पांनी सायकलची जुनी ट्यूब आणून खिडकीच्या गजाला बांधली. संध्याकाळी मोंढ्यातून आल्याबरोबर विचारायचे, “वढलीस का आज?” मी हट्टानं त्यांच्याही हातात ट्यूब द्यायची. ते दोन-चारदा ओढायचे आणि ट्यूब हातात धरूनच बसल्या जागी झोपायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि तो खरा त्या पोत्यांवर होता हे कळूनही जायचा नाही.

पुढच्या वर्षी नांदेडला अप्पा माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा सदरा घालून दिवसभर मैदानाच्या कडेला उभे राहिले. मी मारलेले चेंडू पलीकडं जमिनीवर आपटत होते आणि खांदा गप्प होता. संध्याकाळी नावं वाचली, त्यात माझं होतं.

“दुखला का?” त्यांनी एवढंच विचारलं.

“न्हाई.”

“मंग झालं.”

बसस्टँडवर माझी बॅग त्यांनीच घेतली. मी ओढली तरी सोडली नाही. लातूरच्या गाडीत चढल्यावर ते ती वरच्या फळीवर ठेवायला गेले. हात खांद्यापर्यंत गेला आणि अडला. त्यांनी पुन्हा उचलून बघितली. मागची माणसं खोळंबली होती. मी बॅग त्यांच्या हातातून घेतली आणि उजव्या हातानं वर ठेवली. माझा हात इतका सहज गेला, की खिडकीशी बसून मी बाहेर उभ्या गाड्यांच्या पाट्या वाचल्यासारखं केलं, कारण मला रडू आवरत नव्हतं.