मोलकरणीची नक्कल

दर रविवारी चर्च सुटलं की अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या काळ्या वस्तीत, थिओलाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसे. कोंबडी तळता तळता थिओला आपल्या गोऱ्या मालकिणीचे किस्से सांगायची आणि तिची धाकटी बहीण वर्डेल पोट धरधरून हसायची.

त्यातला केकचा किस्सा फार गाजला. थिओलाने केलेला पीचचा केक मालकिणीने 'मीच केला' म्हणून मिरवला होता. एका पाहुणीने कृती विचारली आणि बाईंची दातखीळ बसली. दारात बशा घेऊन उभी असलेली थिओला मान खाली घालून म्हणाली, "मॅडम कृती कुणाला सांगत नाहीत हो. मलासुद्धा नाही!"

वर्डेल क्लबांत नकला करायची. तिने हा किस्सा तिथे करून दाखवला, टाळ्याही पडल्या. पण क्लबचा मालक गिब्स, तोही काळाच, म्हणाला, "शनिवारी गोरे लोक येतात, पोरी. त्यांना वेडी मालकीण नको, वेडी मोलकरीण हवी. डोक्याला फडकं बांध, डोळे गरागरा फिरव."

वर्डेलने नाक मुरडलं. पण काळ्या बाईला एकटीला स्टेज कोण देतो, अशी मनाची समजूत घालून तिने फडकं बांधलं. तिची मोलकरीण केकमध्ये साखरेऐवजी मीठ ओतू लागली. लोक लोटपोट झाले. शिकागोहून बोलावणी यायला लागली.

एका शनिवारी थिओला न सांगताच आली. चर्चला जायची निळी टोपी घालून पुढेच बसली. वर्डेलने तिला पाहिलं. थांबता आलं असतं, पण समोर हशा उसळत होता. तिने डोळे आणखीच फिरवले.

खेळ संपल्यावर थिओला स्टेजमागच्या खोलीत आली.

"नक्कल केलीस त्याचं काही नाही गं," ती म्हणाली. "मीही तिथे दिवसभर नाटकच करते. 'हो मॅडम, बरं मॅडम.' पण ते नाटक आहे हे मला ठाऊक असतं, आपल्या माणसांना ठाऊक असतं. तू ते त्यांच्यापुढे खरं करून टाकलंस."

"अगं, लोक तुला थोडेच हसतात!"

"मग कुणाला हसत होते, वर्डी?"

वर्डेलने डोक्याचं फडकं सोडून टेबलावर ठेवलं.

पुन्हा तिने ते बांधलं नाही, तशी गिब्सने तिचे शनिवार दुसरीला दिले. ती टोप्यांच्या दुकानात कामाला लागली. त्याचं तिला दुःख नव्हतं. दुःख रविवारचं होतं. थिओला कोंबडी तळायची, प्रेमाने वाढायची, पण मालकिणीचं नाव काढत नसे. "काय म्हणते तुझी मॅडम?" कुणी विचारलं, तर म्हणे, "बरी आहे."

बऱ्याच वर्षांनी, काळेपणाच्या अभिमानाने केस सरळ करायचं सोडून दिलेल्या तरुण पोरींनी चर्चच्या तळघरात बायकांची सभा भरवली. "आपल्या आयांनी गोऱ्यांच्या घरांत कसं निभावलं, ते करून दाखवा ना, वर्डेलमावशी," त्या म्हणाल्या. वर्डेलने केकचा किस्सा मूळचा तसाच सांगितला. पोरींनी टाळ्यांनी तळघर दणाणून सोडलं. "आणखी एक!"

वर्डेलला दुसरा आठवेना. किस्से ढीगभर होते, पण डोळ्यांपुढे यायची ती फडकंवाली मोलकरीणच.

संध्याकाळी ती बहिणीकडे गेली. "थिओ, मालकिणीच्या फरच्या कोटाचं काहीतरी होतं ना गं? सांग की."

"असेल. आता कुठलं आठवायला?"

आठवत होतं. थिओलाच्या ओठाच्या कोपऱ्यात क्षणभर हसू हललंही. पण तिने भाजीचं पातेलं वर्डेलपुढे सरकवलं आणि दोघी पाला निवडत बसल्या.