येळवशीचं कुलूप

शिवानंदनं पहिलं सॉफ्टवेअर लिहिलं ते आतेभावाच्या औषधाच्या दुकानासाठी. महांतप्पाकडं मुदत संपलेल्या औषधांचे खोके साचायचे. कोणतं औषध कधी संपतंय ते काळ्या पडद्यावर दिसू लागलं तेव्हा तो म्हणाला, "आता ध्येनात ठेवायला बायको नको." आईच्या नावावरून सॉफ्टवेअरचं नाव पडलं 'गिरिजा'. उमरग्याच्या बसस्थानकामागं एका खोलीत शिवानंद लिहायचा, बायको उमादेवी गिऱ्हाईक सांभाळायची. तेवढीच कंपनी.

दुसऱ्या आवृत्तीत बिलं आली. लोक एकच फ्लॉपी दहा दुकानांत फिरवू लागले, म्हणून तिसरीत कुलूप आलं. वर्षातून एकदा 'गिरिजा' बंद पडायची आणि शिवानंदनं फोनवर सांगितलेला नवा पासवर्ड घातला की उघडायची. दिवस गिरिजाबाईंनी पंचांगातून सुचवला: येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सगळा गाव शेतात पूजेला आणि जेवायला जातो, दुकानं बंद असतात. दुसऱ्या दिवशी पासवर्ड दिला की झालं. वीस वर्षं कुणाचा खोळंबा झाला नाही. विंडोज आलं, जीएसटी आला, कुलूप तसंच राहिलं.

मग एका श्रावणात नाशिकच्या खासगी रुग्णालयानं 'गिरिजा' घेतली. मराठवाड्याबाहेरचं पहिलं गिऱ्हाईक.

येळवशीला शिवानंद शेतात होता. फोन खोलीतल्या खणात होता. त्या दिवशी धंदा बांधाच्या आत आणायचा नाही, हा गिरिजाबाईंचा नियम. नाशिकला मात्र तो साधा सोमवार होता. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसलेल्या एका बाईचा नवरा चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीशी आला. पडद्यावर पासवर्डची चौकट होती. काउंटरवरची मुलगी नवी होती. बिल निघाल्याशिवाय औषध द्यायचं नाही, एवढंच तिला शिकवलेलं. ती उमरग्याला फोन लावत राहिली. इंजेक्शन तिच्या पाठीमागच्या फ्रिजमध्ये होतं. शेवटी वरून नर्स धावत आली आणि तिनं फ्रिज उघडला. तोवर पाऊण तास गेला होता. बाई संध्याकाळी गेली.

इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तरी वाचली असती का, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रुग्णालयानं 'गिरिजा' काढून टाकली. शिवानंदनं त्याच आठवड्यात कुलूप काढून नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवली. पण औषध कंपन्यांच्या फिरत्या विक्रेत्यांनी बातमी आधीच पोचवली होती. लोहारा, निलंगा, मग उमरगासुद्धा. दुकानं एकेक करून गळाली.

पुढच्या येळवशीला शिवानंद शेतात गेला नाही. खोलीत फोनसमोर बसला. दुपारी तो वाजला. महांतप्पा होता.

"अरे, आंबील संपायलीय. ये की."

"फोनजवळ बसलाव, अण्णा."

"कुणाचा फोन येणार हाय? तुझं गिऱ्हाईक मी एकला उरलाव, आन् मी हितं जेवायलाव."

"असू द्या."

"मामी वाट बघायलीय रं."

"ठेवा अण्णा. लाइन अडायलीय," शिवानंद म्हणाला आणि फोन पुन्हा टेबलावर, पडदा दिसेल असा ठेवला.