वेशीबाहेरच्या रिबेकाताई

रिबेकाताई गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून शनिवारी सकाळी आला, तेव्हा दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे डॉक्टर पोंक्ष्यांना कोण सांगणार… बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत होती. रिबेकाताई अलिबागकडच्या बेने इस्रायली. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे जे ज्यू, त्यांच्यातल्या. भाषा आपलीच, कालवण आपलंच, फक्त शुक्रवारी सूर्य कलला की खिडकीत खोबरेल तेलाचा दिवा. साठच्या दशकात नवऱ्याबरोबर त्या इकडे आल्या. नवरा लवकर गेला. मग ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका फॅक्टरीत पॅकिंगचं काम करून त्यांनी एकुलत्या डॅनियलला वाढवलं. मी फार्मसीत नोकरीला लागले तेव्हा तो शाळेत होता. माझ्याशी मराठी बोलायचा, “शुभामावशी, आई आला का?” असं विचारायचा, आणि ताई आतून हसत त्याची चूक दुरुस्त करायच्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, हिवाळ्यातल्या एका दुपारी, कॉलेजातून सायकलवर घरी येणाऱ्या डॅनियलला एका गाडीने उडवलं. तो जागीच गेला. गाडी चालवत होते डॉक्टर माधव पोंक्षे, आमच्या मराठी मंडळातले, गणपतीला आरती म्हणणारे. रात्रभर आणि वर अर्धा दिवस ड्यूटी करून ते शेजारच्या मेडनहेडला घरी निघाले होते आणि स्टिअरिंगवर त्यांचा डोळा लागला. कोर्टात वेगाची चर्चा झाली, रस्त्यावरच्या बर्फाची झाली. दंड झाला, लायसन्स काही काळासाठी गेलं, आणि जो तो आपापल्या घरी गेला. ताईंना कुणी काही विचारलं नाही. त्या रडल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाल्या, की आता हा माणूस जाणार कुठे, हे कुणी ठरवलंच नाही. मला वाटलं, धक्क्यामुळे बोलताहेत.

वसंतात डॉक्टरांच्या बायकोचा, सुनंदाचा, घाबऱ्या आवाजात फोन आला. रिबेकाताई दर रविवारी त्यांच्या घरासमोरच्या बसस्टॉपवर येऊन बसत होत्या. बस यायच्या, जायच्या, त्या चढत नसत. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि नजर दारावर. सुनंदाने शेवटी पोलिसांना बोलावलं. एक तरुण हवालदार आला, ताईंशी अदबीने बोलला, पिशवीत पाहिलं. डबा आणि फ्लास्क. बसस्टॉपवर बसणं हा गुन्हा नाही, असं सांगून तो निघून गेला. हे ऐकून सुनंदाला धीर यायला हवा होता. तो आला नाही. मुलांचं पुढच्या बागेत खेळणं बंद झालं, पडदे दिवसाही ओढलेले राहू लागले, आणि डॉक्टर ड्यूटीखेरीज बाहेर पडेनासे झाले.

एका रविवारी मी ताईंबरोबर गेले. त्यांना परत आणायचं असं ठरवूनच गेले होते. आभाळ भरलेलं होतं. 

“आमच्या धर्मग्रंथात, मोशेच्या कायद्यात असं आहे, शुभा,” त्या आपणहून म्हणाल्या. “रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचं पातं निसटलं आणि शेजारी मेला. मनात वैर नव्हतं. तर तोडणाऱ्याने एका ठरवून दिलेल्या गावात पळून जायचं. तिथे त्याला कुणी हात लावायचा नाही. पण मेलेल्याच्या माणसांचं रक्त तापलेलं असतं, तेही कायद्याला कळतं. तो वेशीबाहेर सापडला, तर त्याला मारणाऱ्या नातेवाइकाला दोष नाही.”

मग तुम्ही इथे का बसता, असं मी विचारलं.

“ते घर त्याचं गाव,” त्या रस्त्यापलीकडे बघत म्हणाल्या. “मी वेशीबाहेर बसलेय.”

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. डॉक्टर पोंक्षे बाहेर आले, कोट न घालता, घरातल्या चपलांवर. बागेच्या फाटकापर्यंत आले आणि त्यांनी कडीवर हात ठेवला. ताई उभ्या राहिल्या. मी त्यांचा दंड धरला, तर तो लाकडासारखा ताठ लागला. मध्ये फक्त रस्ता होता. मग डॉक्टरांनी कडीवरचा हात काढला आणि ते मागे वळले. ताई खाली बसल्या.

“ते बाहेर आले असते, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आत गेले, बरं झालं.”

त्यानंतरही त्या जात राहिल्या. वर्षं गेली. लोकांनी त्यांना वेडी ठरवलं. मला मात्र कधीकधी वाटायचं, की कोर्टाने जे अर्ध्यावर सोडलं होतं ते या दोघांनी त्या रस्त्यावर धरून ठेवलं होतं. यात शहाणपण होतं की नुसती भीती, ते मला आजही सांगता येत नाही.

नव्वदच्या दशकात एका पावसाळी आठवड्यात त्यांच्या छोट्या समाजात प्रार्थना चालवणारे म्हातारे इलियाझरकाका वारले. दुसऱ्या रविवारी ताईंनी मला सोबत बोलावलं. या वेळी त्या बसस्टॉपवर थांबल्या नाहीत. रस्ता ओलांडून, फाटक उघडून त्यांनी बेल वाजवली.  दार डॉक्टरांनीच उघडलं. केस पांढरे झालेले, खांदे पडलेले. त्यांनी हात जोडले.

ताईंनी त्यांना सांगितलं, की जुन्या काळी मुख्य याजक, म्हणजे सगळ्यांत मोठा धर्मगुरू, मेला की सगळं गाव एकाच मरणाचं सुतक पाळायचं, आणि त्या दिवशी आश्रयाला आलेल्यांची मुदत संपायची. आता त्यांच्या समाजात याजक उरले नव्हते, इलियाझरकाका होते, तेही गेले.

“माफ केलं असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “ते माझ्याच्याने होणार नाही. पण आता तुम्ही बाहेर पडा. मी तुमच्या वाटेत नाही.”

त्यानंतर त्या मेडनहेडला कधी गेल्या नाहीत. डॉक्टरांचे पडदे मात्र उघडले नाहीत. कामावरून घरी, घरून कामावर, आणि तेही बसने. गाडी त्यांनी कधीच विकून टाकली होती.

आता ताई गेल्या, आणि माती त्यांच्या रिवाजाप्रमाणे लवकर द्यायची होती, म्हणून डॉक्टरांना शेवटी मीच फोन केला. मातीची वेळ सांगितली. दफनाला ते आले नाहीत. सुतकाचे सात दिवस ताईंची इस्रायलमधून आलेली बहीण रिकाम्या घरात बसली होती, आरशावर चादर टाकून. त्यातल्या एका संध्याकाळी मी तिथे असताना डॉक्टर आले आणि दाराशीच्या स्टुलावर बसले. म्हणाले, “ताईंनी मला सोडलं होतं, मलाच बाहेर पडणं जमलं नाही… आणि आता पुन्हा सोडायलाही कुणी उरलं नाही.”

मग त्यांनी विचारलं, डॅनियल गेल्याच्या दिवसाचा दिवा आता कोण लावणार. दरवर्षी त्या तारखेला ताई पाण्यावर तेल घालून काचेच्या पेल्यात वात लावत, हे मीच डॉक्टरांना कधीतरी सांगितलं होतं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. हा माणूस कोण, हे तिला माहीत होतं. तिने उठून पेला आणला आणि त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवला. तो त्यांनी स्वतः उचलायचा होता. त्यांनी उचलला.

परवा सुनंदाचा फोन आला. पेला त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे आणि डॉक्टर रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसतात. “तो आमच्या घरात यायला नको होता गं,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “पण नको म्हणू कशी? तो दिवस जवळ आलाय. काय करायचं असतं, सांग.”

मी तिला एवढंच सांगितलं, की तेल खोबरेल घाल.