अपलोड किती?

इंटरनेटचं कनेक्शन विकणाऱ्या माणसाला मी एकच प्रश्न विचारायचे, अपलोड किती? बस्स, तो गांगरायचा. मागच्या हिवाळ्यात हा प्रश्न मी फोनवर विचारला, दुकानात विचारला, एकदा तर खांबावर चढलेल्या माणसाला खालून ओरडून विचारला. उत्तर सगळ्यांचं एकच. "मॅडम, स्पीड लई भारी आहे, चार पिक्चर एकदम डाउनलोड होतील." अरे बाबा, मला पिक्चर नकोत. मला इथून एक बाई दाखवायचीय, खुर्चीत बसलेली, हात हलवणारी. ती बंगलोरला नीट दिसली पाहिजे. एवढंच मागणं होतं माझं.

ती बाई म्हणजे माझी आई. आणि बंगलोरला माझा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तिथं कपड्यांच्या कारखान्यात तो पॅकिंगला होता आणि त्याच्यासारख्याच पाच-सहा पोरांबरोबर खोली घेऊन राहायचा. लिहिता-वाचता येतं त्याला, पण मोजकंच. "पोचलो", "आई बरी?", "ताप आहे" असं. खरं बोलणं फक्त आईशी, हातांनी. ती भाषा कुठल्या शाळेतली नाही, आमच्याच घरात तयार झालेली. कन्नड गावाजवळचा घाट म्हणजे पंजा वळवत वळवत वर न्यायचा. दवाखाना म्हणजे मनगटावर दोन बोटं. वडील म्हणजे मिशी. मी म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बोट. का, ते सांगायला नको, माझा राग कायम तिथंच बसलेला असतो.

मला स्वतःला त्यातल्या दहा-बारा खुणा येतात. जेव, झोप, पाणी, दार लाव, ये आणि जा. त्यातही सगळ्यांत जास्त वापरलेली जा. लहानपणी मी अभ्यासाला बसले की हा येऊन वही ओढायचा, आणि मी दोन्ही तळवे पुढं ढकलून त्याला हाकलायचे. काही लांबलचक सांगायचं असलं की आईला हाक मारायची. आई आहे ना मध्ये, मग मी कशाला डोकं घालू? शाळा झाली, कॉलेज झालं, बँकेत नोकरी लागली, वडील गेले, आणि इतक्या वर्षांत मी तेरावी खूण काही शिकले नाही.

दिवाळी करून तो परत गेला आणि पंधरा दिवसांत आईला जिन्याची पायरी दिसली नाही. औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, काचबिंदू. उजवा डोळा जवळपास गेलेला. डाव्यानं फक्त मधलंच दिसतं, बांगडीतून बघावं तसं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, थेंब चुकवू नका. रिक्षात बसल्यावर आई एकच वाक्य बोलली.

"धाकट्याला तू लिहून कळवायचं नाही. मी सांगीन, माझ्या हातानं."

"अगं, पण..."

"असलं लिहून कळवतात व्हय? घाबरून जाईल पोरगं. मी सांगितलं म्हंजे नाय घाबरणार."

त्याच संध्याकाळी सात वाजता, तो कारखान्यातून आल्यावर, तिनं फोन लावला. मी तिच्यासमोर मोबाइल धरून उभी. तिनं डोळ्याकडं बोट नेलं आणि तिकडं ते गोल फिरणारं चाक सुरू झालं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चाक. आपलं बोलणं तुटलं तर हॅलो हॅलो करून जोडता येतं, दोन शब्द गाळले तरी अंदाजानं कळतं. हात मध्येच थिजला तर काय जोडणार? चार वेळा तिनं सुरुवात केली. मग हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, राहू दे, उद्या. तिचा उद्या म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

आमचं कनेक्शन गल्लीतल्या केबलवाल्याचं. त्याला फोन केला की ठरलेलं उत्तर, "दीदी, ऊपर से ही डाउन है." वर कोण बसलंय देव जाणे! मोबाइलचं नेट आमच्या घरात येत नाही, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले उठलेत. गच्चीवर येतं, पण सातला गच्चीवर अंधार, आणि अंधारात आईला काही म्हणता काही दिसत नाही. म्हणजे नवीन कनेक्शन घेणं आलं. बँकेत विचारलं तर प्रत्येकजण आपलंच चांगलं म्हणून सांगणार, कारण नवीन गिऱ्हाईक आणून दिलं की त्यांना एक महिना फुकट! कंपन्यांना फोन केले तर कुणी सिनेमे फुकट देतंय, कुणी क्रिकेट फुकट देतंय. अपलोड विचारलं की "लाइनवर राहा" म्हणून संगीत लावून देतात. डोंबल तुमचं संगीत!

शेवटी मी ठरवलं, कुणाचं ऐकायचं नाही, आपणच बघायचं. कॉलनीत ज्यांच्याकडं वेगवेगळी कनेक्शनं आहेत त्यांच्याकडं बरोबर सातला जायचं, वायफायचा पासवर्ड मागायचा आणि तिथून आईला बोलायला बसवायचं. सातलाच, कारण त्या वेळी सगळी कॉलनी नेटवर असते, खरं काय ते तेव्हाच कळतं. आपल्याकडं असं कुणाच्या घरी गेलं तर नाही कुणी म्हणत नाही. उलट पोहे करतात.

पहिल्या दिवशी मागच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांकडं गेलो. मोठ्या कंपनीची लाइन. दहा मिनिटं छान चाललं, मग वरच्या खोलीत नातवानं गेम सुरू केला आणि आमचा धाकटा तोंड उघडं ठेवून तसाच गोठला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर डबा बसवून हवेतून नेट घेणाऱ्या एका काकूंकडं. वारा सुटला की संपलं. तिसऱ्या दिवशी सरकारी लाइन. तिचं एक बरं, अडकत नव्हती. पण चित्र इतकं धूसर की बोटं सुटी दिसायची नाहीत, भाकरीसारखा सगळा पंजा एक झालेला. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बंगल्यात, नवीन फायबर. तिथं मात्र मी बघतच राहिले. त्याच्या शर्टाच्या कॉलरचा सुटलेला धागासुद्धा दिसत होता. अपलोड तपासलं, डाउनलोडइतकंच. हेच, हेच पाहिजे होतं मला!

आई रोज धुतलेली साडी नेसून माझा हात धरून यायची. घरातली माणसं भोवती बसून कौतुकानं बघायची. एक म्हातारी तर म्हणाली, "अगं बाई, कसं बोलती गं नुसत्या हातानं!" आणि आई त्याला रोज विचारायची, जेवलास का, अंग दुखतं का. बस. चौथ्या दिवशी परत येताना मी चिडलेच.

"इतकं स्वच्छ दिसत होतं, सांगितलं का नाहीस?"

"लोकांच्या बैठकीत बसून?"

"त्यांना कुठं काय कळत होतं?"

"त्यांना नाय कळत. मला कळतंय ना."

त्या दिवशी धाकट्यानं भराभर काहीतरी लांब विचारलं होतं आणि आई नुसती मान हलवत, हसत नाही नाही करत होती. काय म्हणत होता, विचारलं तर म्हणाली, कुठं आहेस म्हणतोय, शेजारी आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मला मेसेज आला. "आई कुणाचे घर?" मी तेव्हा कंपनीच्या फोनवर पंचवीस मिनिटं ताटकळत होते. लिहिलं, "शेजारी. नेट बघते." त्यानं लिहिलं, "रोज वेगळे घर?" मी लिहिलं, "हो." आणि फोन ठेवून दिला. त्या एका 'हो'ची मला आजही चीड येते.

फायबरवाले म्हणाले, ताई, तुमचा खांब आमच्यात येत नाही. कोपऱ्यावरचा बंगला येतो, त्याच्यापुढचं आठवं दार, म्हणजे तुमचं, येत नाही, कारण गल्ली तुमच्या केबलवाल्याची. ह्यानं तिकडं वायर टाकली की तो कापतो, त्यानं टाकली की हा कापतो. मी त्यांच्या ऑफिसात तीन वेळा गेले. पहिल्यांदा भांडले. दुसऱ्यांदा अर्ज दिला. तिसऱ्यांदा काउंटरवर बोलता बोलता मला रडू फुटलं, माझ्यासारखी बाई, चारचौघांत! म्हटलं, माझी आई आंधळी व्हायला लागलीय हो, तिला एकदा तिच्या मुलाशी बोलू द्या. तो माणूस घाबरून उठलाच. म्हणाला, लाइन मागून फिरवून देतो, उद्या नक्की.

उद्या नक्की, असे बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत आईनं चहा कपाच्या बाहेर ओतला. देवघरातली समई विझलीय की चालू ते तिला कळेना. मी बँकेतून तासातासाला फोन करायचे आणि "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकायचे. घरी आले की आई घड्याळाकडं न बघता विचारायची, सात वाजले का गं? जुन्या लाइनवर रोज एकदा लावून बघायचो, त्याला तिकडं आमचं घरसुद्धा दिसत नसावं. चाक. त्याचा थिजलेला चेहरा दिवसेंदिवस उतरत चाललेला दिसायचा, आणि मला वाटायचं, चित्रच खराब आहे.

तेराव्या दिवशी माणूस आला. भिंतीला भोक पाडलं, पांढरी डबी लावली, तांबडा दिवा लागला, मग हिरवा झाला. मी मोबाइल उशीला टेकवून ठेवला, खोलीतले सगळे दिवे लावले, आई केस विंचरून बसली. सात वाजता फोन लावला. त्यानं उचलला नाही. सव्वासात, साडेसात, आठ. दुसऱ्या दिवशी फोनच बंद. माझा जीव टांगणीला लागला. कशीबशी फोनवर कारखान्यातल्या सुपरवायझरची गाठ पडली, तो म्हणाला, "वो तो काम छोड़ के चला गया, मैडम." कुठं? त्याला काय माहीत! आईला मी सांगितलं, नेट अजून सुरू नाही झालं. डबीवरचा दिवा हिरवा होता, पण तिला तो दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. तो होता. पाठीवर बॅग, दाढी वाढलेली. माझ्या अंगावरूनच आत गेला. आधी आईकडंसुद्धा नाही गेला. स्वयंपाकघरात गेला, फ्रीजला हात लावून बघितला. वडिलांचा फोटो बघितला. आईच्या कॉटवर हात दाबून बघितला, कपाटातल्या साड्या बघितल्या. सगळं जिथल्या तिथं होतं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. आईकडं दाखवलं. आणि दोन्ही तळवे पुढं ढकलले.

ते मला आई मध्ये नसतानाही कळलं. तू आईला घराबाहेर काढलंस. रोज वेगळ्या घरात, रोज वेगळ्या भिंतीपुढं बसलेली आई त्यानं बघितली होती, आणि माझ्याकडून त्याला आयुष्यभर ती एकच खूण नीट माहीत होती. मी मान हलवत राहिले, नाही रे, नाही. पण नाही म्हटल्यावर पुढं काय? नेट, अपलोड, फायबर, खांब, कशालाच माझ्याकडं खूण नव्हती.

आईनं त्याला खिडकीशी ओढून नेलं, उजेडात. त्याचे हात धरून आपल्या तोंडासमोर आणले, अगदी जवळ, तिच्या बांगडीएवढ्या नजरेत मावतील असे. आणि सांगितलं. डोळा, मग मनगटावर दोन बोटं, मग हळूहळू मिटत गेलेली मूठ. तो घाबरला नाही. ती म्हणाली होती तसंच झालं. तो तिच्या पायाशी बसला. मग त्यानं माझ्याकडं बघत काहीतरी विचारलं, सावकाश, दोनदा.

"आई, काय म्हणतोय?"

आईनं त्याचे हात आपल्या मांडीवर घेतले.

"म्हणतोय, माझी नजर गेल्यावर त्याच्याशी कोण बोलणार?"

तो माझ्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघत होता. मी हात वर उचलले. जेव, झोप, पाणी, दार लाव, ये, जा. सगळ्या आठवून झाल्या, आणि माझे हात तसेच हवेत राहिले.