नातीच्या खोकल्याचं औषध

आधी माझी चूक सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला जरा हलकं वाटेल.

नात माझी, मुलीची मुलगी, बावीस वर्षांची. सुरतेला साड्यांच्या घड्या घालून पाकिटात भरतात त्या कारखान्यात कामाला. तिचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून सुट्टीत ती धडगावच्या वर, डोंगरात माझ्याकडे आली. आल्यापासून नुसती झोपून. कपडे धुवावेत म्हणून तिची पिशवी उघडली, तर खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं.

"खोकला आहे का गं?"

"हो आजी. जुनाच आहे."

घरात आम्ही पावरीच बोलतो, इथे मराठीत लिहितेय एवढंच.

जुन्या खोकल्याला आमच्याकडे मोहाची दारू कोमट करून ओवा टाकून देतात. मला माझ्या आईने दिली, मी माझ्या लेकरांना दिली. नातीलाही अर्धी वाटी पाजली.

"सगळी पी, तोंड वाकडं करू नको."

"आजी, तू तर आमच्या सुरतेच्या खोलीतल्या पोरींच्याही पुढची निघालीस!" म्हणाली आणि हसली. का हसली ते मला तेव्हा कळलं नाही. बाटली आणि गोळ्या तिच्या पोटात आधीच होत्या.

दुपारी जेवायला उठवायला गेले, तर उठेचना. गाल थोपटले, पाणी मारलं. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट बघावी लागे. ओठ निळे पडलेले. शेजाऱ्यांनी उचलून जीपपर्यंत आणली. जीपवाला म्हणाला, "अजून चार सीट होऊ दे, मावशी." मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. निघाला मुकाट्याने.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय काय घेतलंय हिने?" मी पिशवी पुढे केली. "अजून काही?"

मी पिशवीची गाठ बांधायला लागले. नातीला स्वतःच्या हाताने दारू पाजली, हे कसं सांगायचं?

"आजी, बोला लवकर! जीव जाईल पोरीचा!"

"मोहाची. मीच पाजली."

त्या रागावल्या नाहीत. नर्सला हाक मारत आत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी नात बोलायला लागली. मी विचारलं, "एवढं सगळं एकदम कशाला गं? एकाने भागत नव्हतं?"

छताकडे बघत म्हणाली, "रात्रपाळीला जागायला गोळी. मग सकाळी डोळा लागत नाही, म्हणून बाटली. आणि रविवारी पोरी जे असेल ते सगळं एकत्र करून घेतात."

"त्यांना घेऊ दे. तू का?"

"नाही म्हटलं की एकटीने बसायचं, आजी. बसले ना दोन-तीन रविवार. कोणी बोलतच नाही."

"मग मला फोन करायचास."

"तुझ्याकडे लागतो कुठे?"

इथेच राहा म्हटलं. "इथे कोण आहे?" म्हणाली. मी समोरच बसले होते.

महिनाभराने गेली परत. आता दर रविवारी मी वरच्या टेकाडावर जाऊन तिला फोन लावते, तिथे नेटवर्क येतं. बकरी व्यायली, कोंबडी मुंगसाने नेली, असलंच काहीबाही सांगते. ती हं हं करते. मागे पोरींचा गलका ऐकू येतो. तेवढा वेळ तरी ती त्यांच्यात नाही, म्हणून मी बोलणं लांबवते.

मागच्या रविवारी तिने उचलला नाही. ऊन उतरेपर्यंत मी तिथेच बसून फोन लावत राहिले.