उभी लावलेली गणितं आडवी छापून आली

मी गणिताची मास्तरीण. लखनौच्या एका शाळेत जन्मभर मुलांकडून "सिद्ध करा" करून घेतलं. त्यातून आम्ही बौद्ध; आमच्याकडे मुळात आत्माच मानत नाहीत, तर तो भटकणार कुठून? या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते निव्वळ करमणुकीसाठी. वडाखाली बाई उभी असते आणि लिहिणाऱ्याची बाइक नेमकी तिथंच बंद पडते... असो. आता माझ्यावरच पाळी आलीय. वेडी म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण पूर्ण वाचून म्हणा.

आम्ही मूळचे अमरावतीचे. हे रेल्वेत इंजिनिअर, म्हणून लखनौत मानक नगरला क्वार्टर मिळालं आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. ती पुण्यात गणितात पीएचडी करत होती. पावसाळा संपता संपता तिला डेंग्यू झाला. आम्ही पोचलो तेव्हा ती व्हेंटिलेटरवर होती. आमच्याशी एक शब्दही न बोलता ती गेली. याहून जास्त मला लिहवत नाही.

प्रज्ञा सुट्टीत घरी आली की कॉलनीतली मुलं आमच्या व्हरांड्यात जमायची. त्यांच्यासाठी ती जोडीनं गणितं काढायची — डावीकडे एक सोपं, आणि त्याच ओळीत उजवीकडे त्याचंच थोडं अवघड भावंड. उजवीकडे अडलं तर डावीकडे बघायचं, दीदीला हाक मारायची नाही, असा नियम होता. त्यामुळे तिची गणितं आडवी वाचायची असत. एक-दोन, खाली तीन-चार.

लेटेक नावाचं सॉफ्टवेअर मला तिनंच शिकवलं. त्यात पान डोळ्यांपुढे नसतं. आपण कमांड लिहायच्या, आणि मग ते पान जुळवून देतं. जुळवलं नाही तर एरर. मग मी पुण्याला फोन लावायचे. "आई, रो मत यार, स्क्रीनशॉट भेज," असं म्हणून ती दोन मिनिटांत दुरुस्त करायची. ती कायम हिंदीतच उत्तर द्यायची, मी कायम मराठीत रागवायचे. आमचं छान चाललं होतं.

तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला बुद्धवंदना आणि भोजन ठेवायचं ठरलं. मी म्हटलं, तिच्या गणितांची पुस्तिका छापू आणि कॉलनीतल्या तिच्या मुलांना वाटू. मुलांनी जपून ठेवलेले तिच्या हातचे कागद मी गोळा केले आणि सगळं टाइप केलं. घोडं अडलं ते रकान्यांपाशी. मला येणारी दोन रकान्यांची कमांड यादी उभी लावते: पहिली सहा गणितं डावीकडे खाली-खाली, पुढची सहा उजवीकडे. म्हणजे पहिल्याच्या शेजारी सातवं! सगळ्या जोड्या तुटल्या. दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसवावीत, तसं दिसत होतं ते पान.

आडवं लावायची तिची काहीतरी वेगळी युक्ती होती. ती तिच्या लॅपटॉपमध्ये, आणि त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. वाचणारे हुशार म्हणतील, टेबल करायचं. केलं, आकृत्या एकमेकींत घुसल्या. क्रम बदलून पाहिला. पण कुठलं गणित दोन ओळींचं, कुठलं पाच ओळींचं, त्यामुळे जोड्या समोरासमोर येईनात. एका दुपारी नवीन एरर आली आणि माझा हात सवयीनं फोनकडे गेला. नंबर लावलासुद्धा... त्या दिवशी मी कॉम्प्युटरपुढेच हमसून हमसून रडले. शेवटी हार मानली. यादी उभीच ठेवली, घरच्या प्रिंटरवर एक प्रत काढून तपासली आणि पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन अमीनाबादजवळच्या एका प्रेसमध्ये देऊन आले. पोरीचं शेवटचं काम मी बिघडवून छापणार होते, हे मला कळत होतं.

पुस्तिका आणायला आम्ही दोघं गेलो. मी गठ्ठ्यातली वरची प्रत उघडली. गणितं आडवी होती. एक-दोन. तीन-चार. प्रत्येक जोडी समोरासमोर, आकृत्या जागच्या जागी.

मला वाटलं, प्रेसवाल्यांनी दया येऊन सुधारलं असणार. त्यांचे आभार मानायला लागले, तर ते गोंधळले.

"बहनजी, हमने तो कुछ छेड़ा ही नहीं. जैसी फाइल आपने दी, वैसी छाप दी."

मी पिशवीतून घरची प्रत काढून शेजारी ठेवली. ती उभी. यांनी चष्मा पुसून दोन्ही पाहिल्या.

"अगं, पेनड्राइव्हवर दुसरी फाइल गेली असेल," हे म्हणाले.

प्रेसवाल्यांनी आमच्यासमोर पेनड्राइव्ह लावला. त्यात एकच फाइल. ती उघडली, तर उभी. ते उठून आमच्यासाठी पाणी घेऊन आले.

हे पुस्तिकांच्या गठ्ठ्यावरच बसले. प्रज्ञा गेल्यापासून यांनी तिचं नाव उच्चारलं नव्हतं, माझ्याशीसुद्धा नाही.

"प्रज्ञानं केलं," हे म्हणाले.

"काहीतरीच काय बोलता?"

"मग तू सांग कुणी केलं."

त्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हे वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडले. मी फक्त त्यांचा हात धरून बसले.

स्मृतिदिनाला पुस्तिका वाटल्या. मुलांना त्यात काही नवल वाटलं नाही, दीदीचं पान असंच असतं. वंदनेला आलेल्या भन्तेजींना मात्र मी एका बाजूला घेऊन विचारलं. आत्मा नाही म्हणता, मग हे काय होतं? ते म्हणाले, "ताई, मला माहीत नाही." त्यांनी उगाच काही समजूत काढली नाही, हे मला बरं वाटलं.

तीच फाइल मी नंतर किती वेळा चालवली आणि छापली. दर वेळी उभीच. यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यांनाही दाखवली, त्यांनी खांदे उडवले. मला अजूनही याचा उलगडा झालेला नाही.

मी आताही मुलांसाठी गणितं टाइप करते. आणि कुणाला सांगितलेलं नाही ते इथं सांगते — दर वेळी एक चूक मुद्दाम ठेवून फाइल बंद करते. दुसऱ्या दिवशी उघडून बघते. चूक तिथंच असते. थोडा वेळ तशीच राहू देते, आणि मग माझी मीच दुरुस्त करते.