तिच्या पुस्तकांची भिंत

गल्लीत त्यांना सगळे दातवाले म्हणत. ते डॉक्टर नव्हते. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवत आणि हे त्यावरून कवळी करून देत. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, मागे दोन खोल्यांचं घर. दिवसभर परक्यांचे जबडे हातात घेऊन बसायचं, आणि जेवायच्या वेळी समोर कोणी नाही.

बायको होती. पण ती दूरच्या एका गावात शाळेत शिकवायची. लग्न झालं तेव्हा वर्षभरात बदली होईल असं सगळे म्हणाले होते. बदली काही झाली नाही, आणि कवळ्यांचं काम त्या गावात चालण्यासारखं नव्हतं. मुलगी आईजवळ वाढली आणि लग्न होऊन तिसऱ्याच गावी गेली. “आमचं कुटुंब एक, पत्ते तीन,” असं दातवाले हसत हसत सांगत. ऐकणारा हसला की मात्र मान खाली घालून कामाला लागत.

सुट्टीत ती यायची. पहिल्या दिवशी दोघंही पाहुण्यासारखे वागत. “साखर कुठे ठेवता?” असं ती विचारायची. दुसऱ्या दिवशी डबे हलवायची, तिसऱ्या दिवशी त्यावरून भांडण व्हायचं, आणि घर जरा कुठे घरासारखं वाटू लागलं की तिची बॅग दाराशी येऊन उभी. ती गेल्यावर डबे तिने ठेवले तिथेच राहायचे. साखर सापडली नाही तर दातवाले बिनसाखरेचा चहा प्यायचे, पण डबे हलवायचे नाहीत.

त्या वर्षी ती निवृत्त होणार होती. तिने आधीच पुस्तकं पाठवायला सुरुवात केली. एकेक खोकं यायचं आणि मागच्या खोलीत रचलं जायचं. दातवाल्यांना वाटलं, बाई घरी येईल तेव्हा पुस्तकं खोक्यात नकोत. त्यांनी घरी जोडायची मांडणी मागवली. भुशाच्या दाबीव फळ्या, त्यांना खालून आधार द्यायला लोखंडी कोन, आणि एका पिशवीत स्क्रू आणि ते धरून ठेवायला भिंतीच्या भोकात ठोकायचे प्लास्टिकचे गट्टू. दिवसभर दातांत दात बसवणाऱ्या माणसाला हे काय अवघड? एका दुपारी फळ्या भिंतीवर चढल्या. खाली त्यांनी तिच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली, फळ्यांवर पुस्तकं लावली, आणि दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

चार-दोन दिवसांनी ते पुढच्या खोलीत काम करत असताना मागे धाडकन आवाज झाला. धावत जाऊन बघतात तर वरची फळी खालच्या फळीला घेऊन कोसळलेली. पुस्तकं खोलीभर. आणि खुर्चीची पाठ मोडलेली.

त्या पाठीकडे ते बघतच राहिले. ती तिथे बसली असती तर?

तिला काही सांगायचं नाही असं ठरवून त्यांनी भोकं बुजवली. कवळीच्या साच्यासाठी प्लास्टर होतंच घरात. छान गुळगुळीत भरलं, वाळू दिलं, पुन्हा गट्टू ठोकला आणि हाताने ओढून बघितलं. अक्कलदाढ मुळासकट निघावी तसा तो अख्ख्या गोळ्यासकट बाहेर आला. दातवाले स्वतःशीच म्हणाले, “शाब्बास.”

कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना त्यांनी निघालेला गट्टू दाखवला. “ह्याच्यापेक्षा मजबूत द्या.”

“भिंत कसली आहे?”

“पांढरी.”

बाई खळखळून हसल्या. “रंग नाही हो विचारला! विटेची की बोर्डाची?”

आयुष्य त्या घरात काढलं, पण आपली भिंत कसली हे त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी समजावलं. वीट असेल तर प्लास्टिकचा गट्टू आत फुगतो आणि विटेला धरून बसतो. बोर्डाची पोकळ भिंत असेल तर धरायला आत काही नसतंच. तिथे पंखांचा लोखंडी गट्टू लागतो. पंख मिटून भोकात घालायचा, पलीकडे गेला की पंख उघडतात, आणि स्क्रू आवळला की तो मागून बोर्डाला मिठी मारतो. “पण आधी ठोकून बघा. बोर्डामागे उभी लाकडं असतात, तिथे आवाज भरीव येतो. मुख्य भार त्या लाकडांवर द्या. आणि वजन किती आहे तेही सांगा.”

वजन तिलाच माहीत. म्हणून शेवटी फोन करावाच लागला.

“अगं, एक सांगायचं होतं.”

“कुठे दुखतंय?”

“दुखत नाही गं. फळ्या पडल्या.”

“तुम्हाला लागलं का?”

“नाही.”

“पुस्तकांना?”

“एकाची बांधणी उसवली. आणि तुझी खुर्ची मोडली.”

दुकानातल्या बाईंनी भिंत ठोकून बघायला सांगितलंय आणि पुस्तकांचं वजन विचारलंय, तेही त्यांनी सांगून टाकलं. ती म्हणाली, “फोन भिंतीजवळ धरा आणि ठोका बघू. तुमच्या कानांचा भरवसा नाही, दिवसभर कवळ्या घासायचं मशीन चालवून बहिरे झालात.”

ते ठोकू लागले. ती तिकडून सांगू लागली. “पोकळ. पोकळ. अजून पुढे या. हां, थांबा! परत ठोका. इथे आहे काहीतरी.” ते पेन्सिलने खूण करत गेले. दोघांनी मिळून घराचं असं काही काम कधी केलंच नव्हतं. सगळ्या खुणा करून झाल्या, तरी दातवाले उगाच ठोकत राहिले आणि तीही न कंटाळता सांगत राहिली.

“वजन तर बरंच होईल. मी असं करते,” ती म्हणाली, “थोडी पुस्तकं इथे शाळेला देऊन टाकते. भार कमी होईल.”

“एकही द्यायचं नाही!” ते जवळजवळ ओरडलेच. मग आवाज खाली आला. “सगळी आण. तिकडे तुझं काही उरायला नको.”

बाईंच्या दुकानातून त्यांनी उभ्या लाकडांसाठी लांब, जाड स्क्रू आणले, मधल्या पोकळ जागेसाठी पंखांचे गट्टू, आणि फळ्यांसाठी रुंद आट्यांचे आखूड स्क्रू, कारण आधीच्या बारीक आट्यांनी भुसा नुसता कुरतडला होता. कोन लाकडांच्या जागी सरकवले. या वेळी पुस्तकं लगेच चढवली नाहीत. आधी प्लास्टरच्या पिशव्या ठेवल्या, भरपूर ठेवल्या, आणि रोज येताजाता फळीखाली बोट घालून बघितलं. फळी तसूभर हलली नाही. तेव्हा कुठे पुस्तकं वर गेली आणि खाली नवी खुर्ची आली.

आणि मग तिचा फोन आला. तिच्या जागी शिक्षक मिळत नव्हता. अजून एक वर्ष थांबाल का, असं शाळेने विचारलं होतं.

“तू काय म्हणालीस?”

“घरी विचारून सांगते म्हटलं.”

“तुला काय वाटतं?”

“शेवटच्या वर्षाची मुलं आहेत हो. अर्ध्यावर सोडवत नाहीत. आणि इथे आता राहवतही नाही.”

‘ये निघून’ असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं, “थांब मग. वर्षाचाच तर प्रश्न आहे.” त्या दिवशी त्यांनी एका कवळीचा पुढचा दात तिरका बसवला आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. डॉक्टरांनी परत पाठवली तेव्हा कळलं.

सुट्टीत ती आली. खोलीत शिरल्यावर तिने आधी वर बघितलं. “पडणार नाही ना?” दातवाल्यांनी कोन दोन्ही हातांनी पकडला आणि पाय उचलून सरळ लोंबकळले.

“अहो, पुरे! शेल्फ राहील, खांदा निखळेल!”

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने एक पुस्तक काढलं आणि नव्या खुर्चीत बसली. ते पुढे कामाला गेले. आतून पान उलटल्याचा आवाज यायचा. तो ऐकू यावा म्हणून ते मधूनमधून मशीन बंद करत.

“का हो थांबलात?” ती आतून विचारायची.

“काही नाही. धूळ बसू देतोय.”

सुट्टी संपली. निघताना तिने ते पुस्तक बॅगेत घातलं, पुन्हा काढलं, पानाची खूण घालून फळीवर ठेवलं. बॅग इतकी हलकी होती की दातवाल्यांनी ती एका हाताने गाडीपर्यंत नेली, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी तो हात तसाच वाकलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवर विचारलं, “काय करताय?”

“तुझं पुस्तक वाचतोय.”

“कुठपर्यंत आलात?”

“तुझ्या खुणेपर्यंत. तिच्या पुढे जात नाहीये.”

“बरं करताय,” ती म्हणाली. “मीही इकडे दुसरं काही सुरू केलेलं नाही.”